निवडणुकीच्या तोंडावर वृत्तपत्रावर दबाव आला, तर अंक कसा चालू ठेवायचा?

पुण्यातून साप्ताहिक चालवणाऱ्या एका तरुण संपादकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निवडणूक जवळ आली आहे. रस्त्यांच्या कंत्राटांबद्दल आणि सत्ताधाऱ्यांबद्दल त्यांनी सलग काही बातम्या छापल्या. त्यानंतर सरकारी जाहिराती थांबल्या, आयकर खात्याचं पत्र आलं आणि छापखान्याचे मालक "पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा" म्हणू लागले. हा योगायोग समजायचा की दबाव? दबाव असेल तर करायचं काय? हे वाचकांना सांगावं का? आणि उरलेल्या बातम्या निवडणूक होईपर्यंत बाजूला ठेवाव्यात का?

तुमच्या पत्रातली अस्वस्थता मी ओळखते. मराठी वृत्तपत्रांत माझी अनेक वर्षं गेली, आधी बातमीच्या टेबलावर आणि मग व्यवस्थापनाकडे. जाहिरातीची थकलेली बिलं आणि पहिल्या पानाची बातमी यांचा संबंध जिथे दिसतो, त्या खुर्चीत मी बसले आहे. तेव्हा सविस्तर लिहिते.

निवडणुकीआधीचा दबाव खटला जिंकण्यासाठी नसतो, वेळ खाण्यासाठी असतो, हे आधी पक्कं लक्षात घ्या. दबाव आणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मतदानाची तारीख असते. तोवर तुमचा अंक अडला, उशिरा निघाला किंवा निघाला पण बोथट होऊन निघाला, की त्याचं काम झालं. पुढे न्यायालयात सरकार हरलं तरी ती निवडणूक परत होत नाही. दिल्लीत इंडियन एक्स्प्रेसच्या इमारतीच्या भाडेपट्ट्यावरून १९८० मध्ये नोटिसा निघाल्या. त्या द्वेषबुद्धीने काढल्या होत्या असं म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या, तेव्हा १९८५ साल उजाडलं होतं. न्यूजक्लिक या वृत्तसंकेतस्थळाचे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अटक झाली. अटकेची कारणं लेखी न दिल्यामुळे ती अटकच बेकायदा होती, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं १५ मे २०२४ रोजी. म्हणजे लोकसभेच्या मतदानाचे चार टप्पे उरकल्यावर. दोन्हीकडे निकाल पत्रकारांच्या बाजूने लागला, मधली वर्षं आणि महिने मात्र गेले ते गेलेच.

म्हणून तुमच्यापुढे आलेल्या प्रत्येक अडचणीला एकच प्रश्न विचारा: याने या आठवड्याचा अंक थांबतो का? थांबत असेल तर ते आज सोडवा. थांबत नसेल तर वकिलाकडे द्या आणि बातमीच्या कामाला लागा.

आता जाहिराती. इथे घाईने निष्कर्ष काढू नका. आचारसंहिता लागू झाली की सरकारी खर्चाने केलेल्या कामगिरीच्या दर्शनी जाहिराती सगळ्यांच्याच बंद होतात, नव्या निविदांवरही बंधनं येतात. आचारसंहितेनंतर तुमच्या जाहिराती थांबल्या असतील, तर त्यात तुमच्याविरुद्ध काही नाही. आचारसंहितेआधी तुमच्या थांबल्या आणि तुमच्याच वर्गातल्या, तुमच्याएवढ्या खपाच्या अंकांना चालू राहिल्या, तर तो दबाव. हे सिद्ध करणं वाटतं तेवढं अवघड नाही. इतरांचे अंक समोर ठेवा आणि कोणत्या तारखेला, कोणत्या विभागाची, किती आकाराची जाहिरात कुठे आली याची वही करा. सोबत माहिती अधिकारात अर्ज टाका: अमुक सहा महिन्यांत कोणत्या वृत्तपत्रांना किती जाहिराती दिल्या, कोणत्या निकषावर, किती रकमेच्या, आणि किती बिलं थकीत आहेत. उत्तराची मुदत ३० दिवसांची आणि पुढे अपील असतं, त्यामुळे हा अर्ज प्रचाराच्या धामधुमीत टाकून उपयोग नाही. आजच टाका. अर्ज संपादक म्हणून नव्हे, नागरिक म्हणून करायचा असतो.

कायद्याची बाजू तुमच्याकडे आहे. सरकारी जाहिरातींबाबत कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर १३ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्याची चर्चा नेत्यांच्या छायाचित्रांपुरती झाली. त्याच निकालात, सरकारी जाहिराती सगळ्या वृत्तपत्रांना समान पायावर मिळाल्या पाहिजेत, वर्गवारी करायची तर ती खपावर करावी, असंही म्हटलं आहे. माहिती खात्याला पत्र लिहाल तेव्हा हा निकाल त्यात असू द्या. पत्राने जाहिराती लगेच सुरू होतील असं मी म्हणत नाही. बहुधा होणार नाहीत. पण पत्र टपालात पडलं आणि पोच मिळाली, की 'आम्हाला कोणी काही कळवलंच नाही' हे उत्तर बाद होतं, आणि उद्या उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पहिलं पान तयार असतं.

तरीही माझं ठाम मत असं की ज्या साप्ताहिकाचा महिन्याचा खर्च सरकारी जाहिरातींवर भागतो, ते साप्ताहिक सत्तेतल्या कुणाविरुद्ध फार काळ लिहू शकत नाही, पक्ष कोणताही असो. वर्गणीदार वाढवा. तीन महिन्यांचा कागद आणि छपाई निघेल एवढी गंगाजळी बाजूला असली, तर निवडणुकीचा मोसम निभावतो. वाचकांकडे उघडपणे पैसे मागण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. या शहराने वर्गणीवर नियतकालिकं पोसली आहेत.

आणि सरकार गळा आवळतं ते चांगल्या कारणाचं पांघरूण घेऊन, हेही याच शहराच्या उदाहरणातून शिकण्यासारखं आहे. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेलं 'सकाळ' केंद्र सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, हे आज पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनाही सांगावं लागतं. १९५६ चा वृत्तपत्रांच्या किमती आणि पानांबाबतचा कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांनी ठरवलं की अमुक किमतीत अमुकच पानं द्यायची. जास्त पानं हवीत तर किंमत वाढवा. पुरवणी काढायची तर परवानगी घ्या. सरकारचं म्हणणं होतं की मोठ्या वृत्तपत्रांच्या स्पर्धेपासून लहानांना वाचवायचं आहे. हेतू ऐकायला बरा होता आणि अनेकांना पटलाही होता. न्यायालयाने सप्टेंबर १९६१ मध्ये तो कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरवले. मुद्दा असा की पानं कमी झाली की मजकूर कमी होतो, किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटला की बोलणं कमी लोकांपर्यंत पोचतं. अभिव्यक्तिस्वातंत्र्यात काय बोलायचं हे जसं येतं, तसं किती जणांपर्यंत पोचवायचं हेही येतं. या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात हे घटनेच्या कलम १९(२) मध्ये दिलं आहे, त्या कारणांखेरीज ते आकुंचित करता येत नाही. 'जनहित' हा शब्द तिथे पुरत नाही.

तुमच्या छापखान्याच्या मालकांना कुणीतरी दिलेली समज, वितरकाला आलेला फोन, जाहिरातदाराला दिलेला सल्ला, हे सगळं खपावरचं आणि पोचण्यावरचं आक्रमण आहे. तुमच्या वकिलांना 'सकाळ'चा निकाल मुळातून वाचायला सांगा.

छपाईकडे येते, कारण माझ्या मते तुमचा खरा धोका तिथेच आहे. मुद्रकाचं नाव अंकावर छापलेलं असतं आणि बदनामीच्या खटल्यात त्यालाही ओढता येतं. तो तुमच्यासारखा ध्येयापोटी या धंद्यात आलेला नाही. त्याच्याकडे लग्नपत्रिका आहेत, औषधांची खोकी आहेत, कामगारांचे पगार आहेत, आणि वीजजोड, अग्निशमन दाखला, मिळकतकर अशा दहा बाबतींत त्याला सरकारी कचेऱ्यांत जावं लागतं. आणीबाणीत साने गुरुजींच्या 'साधना'वर कारवाई झाली तेव्हा छापखानाही सुटला नाही. दिल्लीत २५ जून १९७५ च्या रात्री वृत्तपत्रांच्या छापखान्यांची वीजच तोडली गेली. आता वीज तोडायची गरज नसते, एक फोन पुरतो. मी ज्या दैनिकात होते, तिथे एका निवडणुकीच्या आधी छापखान्याच्या मालकांनी रात्री साडेनऊला हात जोडले. पानं तयार होती. आम्ही ती शेजारच्या जिल्ह्यात पाठवली आणि अंक दुपारी विकला. हे जमलं, कारण त्या दुसऱ्या छापखान्याशी आधीच बोलून ठेवलं होतं.

तेव्हा दुसरा छापखाना आजच ठरवा, शक्यतो पुण्याबाहेर, आणि एखादा साधा अंक तिथे छापून बघा. त्यांचं यंत्र, पानाचा आकार, प्लेटची पद्धत जुळते का हे आधी कळायला हवं. एक खबरदारी घ्या: १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन वृत्तपत्र व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू झाला आहे. छपाईचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक यांतला बदल प्रेस रजिस्ट्रारच्या पोर्टलवर रीतसर कळवा, आणि अंकावरची मुद्रक-प्रकाशकाची ओळ त्याच्याशी अक्षरशः जुळू द्या. वार्षिक विवरणपत्र भरलं आहे ना, हेही बघा. खोटी किंवा चुकीची माहिती हे नोंदणी स्थगित करण्याचं कारण होऊ शकतं, आणि बातमीला हात न लावता अंक बंद पाडायचा तो फार सोयीचा मार्ग आहे. सध्याच्या मालकांवर रागावू नका. त्यांचं थकलेलं बिल चुकवा आणि फोन कुणाचा, कधी आला हे ते सांगायला तयार असतील तर टिपून ठेवा.

वितरणातही हीच काळजी घ्या. पहाटे अप्पा बळवंत चौकात विक्रेत्यांच्या हाती अंक पडायच्या आत कुणीतरी गठ्ठेच्या गठ्ठे रोखीने विकत घेऊन नाहीसे करतं, हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. पैसे मिळतात म्हणून सुरुवातीला कुणाला शंकाही येत नाही. निवडणुकीच्या महिन्यात एका माणसाला किती प्रती द्यायच्या याची मर्यादा विक्रेत्यांशी बोलून ठरवा आणि वर्गणीदारांचे अंक टपालाने वेगळे जाऊ द्या.

आयकराच्या पत्राबद्दल. पत्र म्हणजे छापा नव्हे. मुदतीत, सनदी लेखापालाकडून, मुद्देसूद उत्तर द्या. घाबरून मुदत चुकवणं हेच त्यात सर्वांत महाग पडतं. पण पुढची पायरी माहीत असू द्या. खात्याचं सर्वेक्षण आणि झडती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६१ च्या कायद्यात त्या अनुक्रमे कलम १३३अ आणि कलम १३२ मध्ये होत्या. सर्वेक्षणात अधिकारी व्यवसायाच्या जागी, कामाच्या वेळेत येतात. ते वह्या तपासू शकतात, कारण नोंदवून कागद ताब्यात घेऊ शकतात, जबाब घेऊ शकतात. रोकड मात्र जप्त करू शकत नाहीत. झडतीला वॉरंट, पंच आणि पंचनामा लागतो. आलेल्यांना शांतपणे विचारा: हे काय आहे, आदेश दाखवा, त्याची नोंद घेऊ द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत झालं ते सर्वेक्षण होतं आणि ते तीन दिवस चाललं. जुलै २०२१ मध्ये दैनिक भास्करवर झाली ती झडती होती. दोन्हीकडे कर्मचाऱ्यांचे फोन आणि संगणक हा वादाचा मोठा विषय झाला.

तुमच्यासारख्या लहान कार्यालयात तर सगळं एकाच संगणकावर असतं: पानांची मांडणी, वर्गणीदारांची यादी, हिशेब आणि बातमीदाराला मिळालेले कागद. हे आजच वेगळं करा. पानं आणि वर्गणीदारांची यादी यांची प्रत कार्यालयाबाहेर असू द्या, म्हणजे संगणक गेला तरी अंक निघेल. हिशेब स्वच्छ आणि वेगळा ठेवा. माहिती देणाऱ्या माणसाचं नाव कार्यालयाच्या यंत्रावर असूच नये. उपकरण नेलं तर पंचनाम्यात त्याचा क्रमांक आणि हॅश व्हॅल्यू (आतल्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) लिहून मागा, म्हणजे नंतर आत काही घातलं गेलं नाही हे तपासता येतं. पत्रकारांची उपकरणं जप्त करण्याबाबत नियम हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राला सांगितलं. पण तुमच्या दारात माणसं उभी असतील तेव्हा उपयोगी पडेल ती फोनवर येणारी वकीलबाई किंवा वकीलसाहेब. त्यांचा नंबर भिंतीवर लावा.

बदनामीचे खटले या काळात येतातच. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ हे आता त्याचं कलम. नव्या प्रक्रिया संहितेत, कलम २२३ मध्ये, एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे: खासगी फिर्यादीत दखल घेण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी आरोपीचं म्हणणं ऐकलं पाहिजे. ती संधी वाया घालवू नका. दिवाणी बाजूने जास्त भीती एकतर्फी मनाई हुकुमाची असते, कारण त्याने ठरावीक बातमीच थांबते. बातमी कुणाविरुद्ध आहे हे तुम्हाला माहीत असतं, तेव्हा शिवाजीनगर न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे 'आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये' असा अर्ज, दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं, म्हणजे प्रचाराचा काळ बहुतेक भागतो. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयांना बजावलं आहे की बातमीवर खटल्याआधीच बंदी घालणं अपवादात्मक असलं पाहिजे. राजद्रोहाची धमकी कुणी दिली तर जुनं कलम १२४अ मे २०२२ पासून स्थगित होतं आणि आता नव्या संहितेत कलम १५२ आहे, एवढं वकिलांना विचारून ठेवा. रस्त्यांच्या कंत्राटाच्या बातमीला ते लागत नाही.

हल्ला किंवा तोडफोड झाली तर महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा आहे. फिर्याद नोंदवताना त्याचा उल्लेख तुम्हालाच करावा लागतो, ठाण्यात तो आपणहून क्वचित लावला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सभेला निघालेल्या पत्रकार निखिल वागळे यांच्या मोटारीवर याच शहरात हल्ला झाला. तेव्हा हा विषय पुस्तकी समजू नका आणि बातमीदाराला रात्री एकट्याने पाठवू नका.

आता एका सापळ्याबद्दल, ज्यावर पुरेसं बोललं जात नाही. निवडणुकीआधी दबाव धमकीच्या रूपात येतो तसा भेटीच्याही रूपात येतो. कुणीतरी पाकीट आणून देतं. आत सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणारं पत्र किंवा टिपणी असते. तुम्ही ती छापता आणि ती बनावट निघते. मग तुमच्या आधीच्या खऱ्या बातम्याही खोट्या ठरवल्या जातात. हे नवं नाही. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल टिळक-आगरकरांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर लिहिलं, ते ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तोपर्यंत 'केसरी' निघून दीड वर्षच झालं होतं. त्या खटल्यात त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन उभा राहिला तो जोतीराव फुल्यांच्या खटपटीने, त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांच्याकडून. फुले आणि टिळक यांच्यातले मतभेद साऱ्या पुण्याला ठाऊक आहेत. आजही तुमची विचारधारा न पटणारा एखादा संपादक तुमच्या अंकासाठी उभा राहू शकतो. त्याला आत्ताच भेटा.

कागद आला तर त्याचा क्रमांक, तारीख, सही आणि आवक-जावक नोंद ताडून बघा, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला लेखी विचारा. मूळ कागद कुठल्या दप्तरात आहे हे कळेपर्यंत छापू नका, मतदान उद्या असलं तरी.

स्वतःचं घर स्वच्छ असणं हाही संरक्षणाचाच भाग आहे. २००९ च्या निवडणुकांनंतर पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं, प्रेस कौन्सिलला उपसमिती नेमावी लागली. त्याने सगळ्यांची विश्वासार्हता खाल्ली, प्रामाणिक लहान अंकांचीही. तुमचा जाहिरातीचा दरतक्ता छापील ठेवा. प्रत्येक राजकीय जाहिरातीवर 'जाहिरात' असं ठळक लिहा, देणाऱ्याचं नाव आणि पावती ठेवा. उमेदवाराची मुलाखत छापलीत तर इतरांनाही विचारल्याची नोंद असू द्या. लोकसभा-विधानसभेला निवडणूक आयोगाच्या माध्यम प्रमाणन समितीची पूर्वपरवानगी छापील राजकीय जाहिरातीला लागते ती मतदानाच्या आणि त्याच्या आदल्या दिवशी. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे आदेश वेगळे असतात, ते मागवून घ्या. पण बातमी छापण्याआधी दाखवा, असं सांगण्याचा अधिकार यांतल्या कुणालाही नाही. तसा फोन आला तर नम्रपणे म्हणा, "लेखी कळवा." बहुतेक वेळा लेखी काही येत नाही.

तुम्ही विचारलंत की नोटीस आल्याचं, जाहिराती थांबल्याचं वाचकांना सांगावं का. सांगावं. पण रडगाणं म्हणून नव्हे, बातमी म्हणून: तारीख, कचेरी, आकडे, त्यांचं म्हणणं. 'आमचा आवाज दाबला जातोय' हे वाक्य गाळा, कागद छापा. प्रेस कौन्सिलकडेही तक्रार करा. तिला शिक्षेचे अधिकार नाहीत, पण ती सरकारकडून खुलासा मागू शकते आणि ती नोंद कायम राहते. आणि हे सगळं एकाच पक्षाच्या नावावर टाकू नका. आणीबाणीत छापण्याआधी मजकुराची होणारी सरकारी तपासणी, १९८२ चं बिहार प्रेस विधेयक, १९८८ चं बदनामी विधेयक हे काँग्रेसच्या राजवटीतलं. अलीकडच्या झडत्या भाजपच्या काळातल्या. ती दोन्ही विधेयकं मागे घ्यावी लागली, कारण देशभरचे पत्रकार मालक-नोकर भेद विसरून रस्त्यावर आले.

राहिला शेवटचा प्रश्न, बातम्या निवडणुकीनंतर छापाव्यात का. नाही. कंत्राट कुणाला, किती रकमेचं, कुठल्या ठरावाने दिलं, हे मतदाराला मतदानाआधी कळलं पाहिजे. नंतर कळून त्याने करायचं काय? मात्र शेवटच्या दोन दिवसांसाठी राखूनही ठेवू नका. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ नसलेली बातमी वाचकाला डाव वाटते, आणि ती चुकली तर दुरुस्ती मतदानानंतरच छापून येते. तुमच्याकडच्या बातम्यांचा क्रम आज लावा. कागद पूर्ण असलेली पहिल्या अंकात घ्या. प्रश्न संबंधित अधिकाऱ्याला आणि ठेकेदाराला लेखी पाठवा, चार दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं तर पूर्ण छापा. नाही आलं तर पत्राची तारीख छापा आणि बातमी जाऊ द्या.